बाबांच्या बाजूचा ब्रेक

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आमचे डॉक्टर म्हणतात, राग आला की लिहून काढत जा. डॉक्टर म्हणजे दातांचे. मी त्यांच्याच लॅबमध्ये कवळ्या बनवते. आज सहज माझं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, "दिवसभर लोकांचे दात बनवता आणि झोपेत स्वतःचे झिजवता. एवढे दातओठ खाता तरी कुणावर?" मी म्हटलं, कुणाकुणाचं नाव सांगू. तर म्हणे वही घाला. म्हणून ही वही.

पहिला नंबर बाबांचा. बाबांनी मला न विचारता आमच्या गाडीचं नाव जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात नोंदवलं आहे. तेवीस तारखेला, रविवारी, मोठ्या मैदानावर. जेवताना सांगितलं, मीठ दे म्हणावं इतक्या सहज. माझा घास हातातच राहिला. नवऱ्याला आधीच माहीत असणार, कारण तो ताटात बघून हसत होता.

"बाबा, तिथे कसल्या गाड्या येतात माहीत आहे का?"

"जुन्या," बाबा म्हणाले. "आपलीही जुनीच आहे."

मी कपाळावर हात मारला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गेल्या वर्षीच्या मेळाव्याचे फोटो फोनवर बघितले. बघायला नको होते. एकेका गाडीच्या बॉनेटमध्ये आख्खं आभाळ दिसतं. चाकांच्या आतसुद्धा धूळ नाही. एका माणसाने तर इंजिनाला हात लावायला पांढरे हातमोजे घातले आहेत. मी जेवण करतानासुद्धा एवढी स्वच्छता पाळत नाही.

आणि आमची गाडी. कागदोपत्री रंग क्रीम. खरा रंग दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्या माणसाच्या दातांचा. हे उगाच म्हणत नाही, लॅबमधली दातांची रंगपट्टी आणून लावून बघितली, तंतोतंत जुळली. बाबांनी जन्मभर याच गाडीवर लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं, त्यामुळे हिच्या अंगावर पोचा नाही अशी जागा शोधावी लागते. पुढच्या मडगार्डचा तर असा आत गेलाय की त्यात वाटी ठेवता येईल. टपावर पाटी बसवायची भोकं आहेत, त्यांत बाबांनी रबराची बुचं ठोकली आहेत. आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे पायाशी, म्हणजे बाबांच्या बाजूला, एक जादा ब्रेक. शिकणारा गडबडला की बाबा तिथून दाबायचे.

शाळेत मला याच गाडीतून सोडायचे. टपावर लाल अक्षरांत 'शिकाऊ'. मुलींनी माझं नावच शिकाऊ ठेवलं होतं. शाळा संपेपर्यंत तेच. मी गाडी अलीकडच्या कोपऱ्यावर थांबवायला लावायचे आणि पावसापाण्यातसुद्धा चालत जायचे.

पण विषय माझा नाही, बाबांचा आहे. गुडघ्यांमुळे शिकवणी बंद करून त्यांना वीस वर्षं झाली. हल्ली तर गॅलरीच्या पलीकडे जात नाहीत, दोन वाक्यांवर तिसरं बोलत नाहीत. बोलले तर काहीतरी भलतंच. परवा पेपर वाचता वाचता म्हणाले, "बंपर आजी झाली असेल आता." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वय झालं. अशा माणसाला त्या चकचकीत गाड्यांमध्ये नेऊन बसवायचं आणि लोक हसले की त्याने ते बघायचं. मला काय, मी हसून सोडून देईन. त्यांना सोसणार नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

सरावासाठी गाडी बाहेर काढली. बाबा त्यांच्या जागी बसले, पट्टा लावला, वाकून आरसा बघितला, मग "चला" म्हणाले. पहिल्याच चौकात त्यांचा पाय त्या ब्रेकवर. माझा ब्रेक आधीच लागला होता. पुढे सायकलवाला दिसला, पुन्हा पाय. एक मांजर भिंतीवर बसलं होतं, भिंतीवर, तरी पाय.

वीस वर्षं ही गाडी मी चालवते आहे. माझ्या नावावर हिच्यावर एक ओरखडा नाही. आणि या माणसाचा अजून माझ्यावर काडीचा विश्वास नाही.

"बाबा, रस्ता मी बघते आहे."

"मी कुठे काय म्हणालो?"

तोंडाने म्हणत नाहीत, पायाने म्हणतात. घरी येऊन नवऱ्याजवळ भडाभडा बोलले. तो म्हणाला, "विश्वास नसता तर ते गाडीत बसलेच नसते." त्याला जगात सगळं सोपंच दिसतं, त्याचाही राग आला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हे डॉक्टरांना कळलं तर माझी खैर नाही. मोडलेल्या कवळ्या जोडायचं ॲक्रिलिक लॅबमधून घरी आणलं आणि मडगार्डचा पोचा बुजवला.

पहिल्यांदा घाईत हिरड्यांचा डबा उघडला. घट्ट होईपर्यंत लक्षात आलं नाही. मडगार्डवर छान गुलाबी हिरडी आली, दात तेवढे बसवायचे बाकी. ती खरवडण्यात दुपार गेली. मग दाताच्या रंगाची पूड घेतली, पट्टीला लावून पुन्हा पुन्हा जुळवली, थर भरला, घासला, लॅबच्या ब्रशने चमकवला. आता हात फिरवला तर जोड लागत नाही. एवढी वर्षं कवळ्या करते आहे, पण इतकं सफाईदार काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

बाकीच्या पोच्यांचं काय करायचं ते नंतर बघू. निदान समोरून बघणारा माणूस पहिल्याच नजरेत दचकणार नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बाबांनी सकाळी बघितलं. शेडमध्ये गेले, मडगार्डवरून हात फिरवला, हात तिथेच थांबला. पुन्हा फिरवला.

"इथला कुठे गेला?"

"बुजवला मी. कळतंय का काही?"

"नाही. काही कळत नाही," म्हणाले. "काम चांगलं झालंय." आणि घरात गेले. चहा तसाच गार झाला.

आवडलं असावं. बोलून दाखवायची सवय नाही त्यांना.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज माझ्याकडून एक वाईट गोष्ट झाली. लिहिते, कारण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

तेलपाणी बघायला गाडी मेस्त्रींकडे नेली होती. बाबा त्यांना 'दिवा' म्हणतात, का ते देव जाणे. गॅरेजमध्ये शेजारी एक गडद हिरवी गाडी उभी होती, मेळाव्यासाठीच आलेली. तिच्यात मला माझा चेहरा दिसला, केस विस्कटलेले होते ते तिथेच नीट केले. मालक साठीचे असतील, हातात मऊ फडकं. ते आमच्या गाडीकडे बघायला लागले. आधी मडगार्डपाशी वाकले, डोकं तिरकं करून. मग मागे जाऊन बंपर बघितला. मग परत पुढे. आणि गालातल्या गालात हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी मेस्त्रींना घेऊन आत गेले.

"मेस्त्री, कार्बोरेटर गेलाय म्हणून सांगा बाबांना. रविवारपर्यंत मिळणार नाही म्हणावं."

"पण गेला नाही."

"ते मला माहीत आहे."

मेस्त्रींनी हात पुसले. "ताई, मी त्यांच्याकडे गाडी शिकलो. त्यांच्याशी खोटं मला जमायचं नाही."

"मग मी बोलते, तुम्ही फक्त गप्प बसा."

"गप्प बसेन," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि त्यांच्या बाजूचा तो ब्रेक? तो तसाच ठेवायचा ना?"

"त्याला हात लावू नका, त्यांचा जीव आहे त्याच्यात." मेस्त्री काहीतरी बोलणार होते. मग तेच पुसलेले हात पुन्हा पुसत बसले.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. मी उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यांनी काही विचारलंच नाही. "बरं. दिवा म्हणतो तर असेल," एवढंच. रविवारसाठी हँगरवर लावलेला शर्ट काढला, घडी केली, कपाटात ठेवला. सुटले म्हणायचं खरं तर.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सुटले कसली. सकाळी चहा घेऊन गेले तर बाबा खोलीत नाहीत, गॅलरीत नाहीत. घाबरून शेडकडे धावले. ते गाडीत बसले होते, त्यांच्या जागेवर, आणि समोरची काच आतून पुसत होते.

"चालू करून बघितली का?" मी विचारलं.

"नाही बाई. कार्बोरेटर गेलाय ना." काच पुसत राहिले. "काल तू घेऊन आलीस तेव्हा आवाज मात्र छान होता. गॅलरीतून ऐकला मी."

आवाजावरून गाडीची नाडी ओळखणारा माणूस तो, त्याला मी कार्बोरेटर सांगायला निघाले होते. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, "मेस्त्रींचा फोन आला होता. मिळाला म्हणे दुसरा. दुपारपर्यंत बसवून देतात."

"इतक्यात मिळाला?"

"मिळाला."

"नशीब आपलं," बाबा म्हणाले, आणि चहा घेतला. दुपारी मी गाडी उगीचच गॅरेजपर्यंत नेऊन आणली. मेस्त्रींनी एक चहा पाजला. परत आले तर शर्ट हँगरवर होता.

शनिवार, २२ नोव्हेंबर

उद्या. गाडी दोनदा धुतली. धुतल्यावर पोचे जास्तच उठून दिसतात हे आधी माहीत असतं तर मातीतच नेली असती.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज सगळं सविस्तर लिहिणार. हात दुखला तरी चालेल.

निघताना बाबांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, तोंड घट्ट धरलेली. नवरा मागे बसला. रस्ताभर बाबांचा पाय आपला खाली-वर. आजचा दिवस त्यांना बोलायचं नाही असं ठरवूनच मी निघाले होते.

मैदानावर आम्हाला नेमकी जागा मिळाली ती एका लाल गाडीच्या आणि त्याच हिरव्या गाडीच्या मध्ये. लाल गाडीभोवती दोरी लावलेली, हात लावू नये म्हणून. आमच्या गाडीला दोरीची गरज नव्हती, तसाही कुणी हात लावत नव्हतं. मी गॉगल घातला आणि फोनमध्ये तोंड खुपसून उभी राहिले. एक जोडपं आलं, लाल गाडी बघितली, आमच्यावरून नजर तशीच सरकवली आणि हिरवीपाशी थांबलं. बाई म्हणाल्या, "ही मधली कुणीतरी पार्क करून गेलंय वाटतं." जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. बाबांकडे बघायची हिंमत होईना.

बघितलं तर बाबा पिशवीचं तोंड सोडत होते. आतून पाटी निघाली, 'शिकाऊ'.

"टपावर लाव."

"बाबा, इथे?"

"मग काय घरात लावायची?"

नवऱ्याने बुचं उपटली, मी पाटी धरली, बाबांनी खाली उभं राहून "डावीकडे जरा, हं, बस्स" केलं. लाल अक्षरं अजून तशीच होती. मला शाळेचा कोपरा आठवला.

पाटी बसली न बसली तोच हिरव्या गाडीचे मालक आमच्याकडे चालत आले. फडकं हातातच. मी मनात उत्तर जुळवायला घेतलं, चांगलं झणझणीत. ते माझ्याकडे न बघता बाबांसमोर उभे राहिले.

"सर."

बाबांनी त्यांना खालून वर बघितलं. मग म्हणाले, "मडगार्ड?"

"हो, सर." साठीचा तो माणूस लाजला. "पण माझा पोचा कुठाय? मंगळवारी गॅरेजमध्ये बघितलं तर मडगार्ड गुळगुळीत. म्हटलं दुसरीच गाडी असणार. मग मागचा बंपर बघितला तेव्हा खात्री पटली. विचारणार होतो, तर या ताई घाईने आत गेल्या."

"हिने बुजवला," बाबा म्हणाले. तक्रार नव्हती, तरी मला ऐकवलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांना शिष्यांची नावं कधीच लक्षात राहायची नाहीत. ज्याने जे ठोकलं ते त्याचं नाव. मडगार्ड, बंपर, मागचं दार. मेस्त्रींनी पुढचा दिवा फोडला असणार. आणि मी समजत होते, वय झालं. पोचे दुरुस्त करायचं बाबांनी कधी मनावर घेतलं नाही ते आळसाने नव्हे. त्यांनी ती हजेरी जपून ठेवली होती आणि मी त्यातलं एक नाव कवळीच्या मसाल्याने बुजवून टाकलं होतं.

लॅबची बारीक सुरी माझ्या पर्समध्ये असतेच. कडेला टोक घातलं आणि हलकेच उचललं. आख्खा तुकडा एका दमात निघाला. खाली पोचा जसाच्या तसा. त्या गृहस्थांनी त्यात मूठ ठेवून बघितली आणि मोठ्याने हसले. "फाटकाचा खांब, सर. तुम्ही म्हणालात, खांब मोडला नाही ना, मग पुढे चल."

मग तो ॲक्रिलिकचा तुकडा त्यांनी मागून घेतला. "माझ्या पोच्याचा साचा आहे, मी ठेवतो," म्हणून रुमालात गुंडाळून खिशात टाकला. मी म्हटलं, "तुमच्या गाडीला एक ओरखडा नाही हो."

"चालवतो कुठे मी?" ते म्हणाले. "भीती वाटते. आज ट्रकवर घालून आणली. तुम्ही चालवत आणलीत?"

"चालवतच."

त्यांनी आमच्या गाडीकडे असं बघितलं की मी गॉगल काढून पर्समध्ये टाकला.

मग पाटी बघून एकेक यायला लागले. मागचं दार आलं, त्याच्या टकलावरून बाबांनी ओळखलं नाही पण हसण्यावरून ओळखलं. मेस्त्री आले. बंपरबाई आल्या, त्या खरोखर आजी झाल्या आहेत. बाबा बोलत होते, हात हलवून, मध्येच कुणाला तरी रागावून. हा माणूस एवढा बोलतो हे मी विसरूनच गेले होते. लाल गाडीला बक्षीस मिळालं आणि तिचे मालकसुद्धा दोरी ओलांडून आमच्याकडेच येऊन उभे राहिले, त्यांना पाटीची गंमत ऐकायची होती.

बंपरबाई ड्रायव्हरच्या जागी बसल्या. "सर, एकदा ब्रेक दाबा ना. तो खटका ऐकायचाय. स्वप्नात यायचा मला."

बाबा शेजारी बसले आणि पाय दाबला. काही वाजलं नाही. बाईंनी वाकून हाताने दाबून बघितला, पेडल लुळं खाली गेलं. "तुटलाय की हो, सर."

"काढलाय," बाबा म्हणाले.

मी दारातच उभी होते. मी विचारलं, "केव्हा?"

"पाटी उतरवली त्याच दिवशी. तू गाडी हातात घेतलीस ना, तेव्हाच तार सोडवली. दिव्यानेच सोडवली, विचार त्याला." मेस्त्री मान हलवून जमिनीकडे बघायला लागले. "चालवणाऱ्याच्या पायावर दुसऱ्याचा पाय कशाला?"

"मग आज सकाळपासून काय दाबत होतात?"

"पाय जातो गं," बाबा म्हणाले. "तू दाबतेसच. मला माहीत असतं दाबशील. तरी जातो." मग बंपरबाईंना सांगायला लागले, "हिचा एकही पोचा नाही गाडीवर. म्हणून हिला नाव नाही."

तो खटका मीही वीस वर्षांत ऐकला नव्हता. कसा ऐकणार, रागाने कान बंद होते. मी मागची काच पुसायच्या निमित्ताने गाडीमागे गेले आणि बंपरबाईंच्या बंपरवर बसून मनसोक्त रडले. इतकं हलकं वाटलं की काय सांगू. नवऱ्याने पाण्याची बाटली आणून दिली आणि "सांगितलं होतं मी" असं म्हणाला नाही, हे त्याच्या नावावर लिहून ठेवते.

येताना पाटी टपावरच राहू दिली. गल्लीच्या तोंडाशी बाबा म्हणाले, "इथे थांबवतेस का, कोपऱ्यावर? मी जातो चालत." मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत हसत होते. सगळं माहीत होतं त्यांना, तेव्हापासून. मी गाडी थेट दारात नेली आणि हॉर्न वाजवला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

डॉक्टरांनी विचारलं, वहीचा काही फायदा? मी म्हटलं, दोन रात्री जबडा दुखला नाही. ॲक्रिलिक कमी कसं भरतंय हेही त्यांनी विचारलं, त्यावर मी कामात असल्याचं दाखवलं.

संध्याकाळी आमच्या रोजच्या वापराच्या छोट्या गाडीतून बाजारात गेलो. नवरा चालवत होता, मी शेजारी. तो काही वाईट चालवत नाही. चौकात समोरून एक स्कूटर आली, त्याने वेळेत ब्रेक लावला आणि मग माझ्या पायाकडे बघायला लागला. माझा पाय खालच्या पायपुसण्यावर गच्च दाबलेला होता. तिथे ब्रेकच काय, काहीच नाही.

"विश्वास नाही का माझ्यावर?" त्याने विचारलं.

"आहे की," मी म्हटलं. "पाय जातो."